गवत, पाऊस आणि सुळे : प्रस्तावना

मांसाहारी प्राण्यावर हवामानाचा घाव सहसा थेट बसत नाही. पाऊस घटला म्हणून लांडगा मरत नाही. त्या पावसावर वाढणारे गवत, त्या गवतावर जगणारे काळवीट आणि काळविटांच्या कळपांच्या वाटा बदलल्या, की लांडग्याला मुलूख सोडावा लागतो किंवा त्याचा वंश तिथे खुंटतो. प्राचीन हवामानबदल आणि शिकारी सस्तन प्राणी यांचे नाते शोधायचे, तर आधी परागकण, माती, नद्यांचा गाळ आणि खुरांचे प्राणी यांच्याकडे जावे लागते. सुळे आणि नखे त्यानंतर येतात.

ही साखळी फार उतरती असते. क्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन यांनी २००२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सुमारे १०,००० किलो भक्ष्याच्या आधारावर जेमतेम ९० किलो शिकारी तगतात, मग शिकाऱ्याचा आकार कोणताही असो. त्याआधी १९९९ मध्ये कार्बोन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक मर्यादा दाखवून दिली होती. साधारण २१ किलोंपर्यंतच्या मांसाहारी प्राण्याचे पोट कीटक, उंदीर, सरडे अशा बारीकसारीक भक्ष्यावर भरू शकते. त्याहून जड प्राण्याला स्वतःच्या वजनाच्या तोडीचे भक्ष्य मारावेच लागते, नाहीतर शिकारीत खर्च झालेली शक्तीही भरून निघत नाही. कोल्हा या मर्यादेच्या खाली राहतो आणि वाघ-सिंह बरेच वर. भक्ष्याचे कळप विरळ झाले, की पहिला फटका कोणाला बसणार हे या आकड्यांवरूनच दिसते. शिकारी प्राण्यांचे जीवाश्म दुर्मिळ का, याचेही उत्तर इथेच आहे. मुळात ते जिवंतपणीच थोडे होते.

दुसरी किल्ली दातांत आहे. कुत्री, मांजरे, तरस, अस्वले, मुंगूस हे सगळे ज्या गणात मोडतात, त्या गणात मांस कापण्याचे काम वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ यांची जोडी कातरीसारखे करते. या कातरदाढांच्या मागे आणखी दाढा उरतात. त्या दळण्यासाठी राखता येतात, उदा. कुत्र्यात, वाढवता येतात, उदा. अस्वलात, किंवा टाकूनही देता येतात, उदा. मांजरात. या गणाच्या आधी दबदबा असलेल्या हायनोडोंट प्राण्यांत (तरसांशी त्यांचा संबंध नावापुरताच) कापण्याचे काम मागच्या सगळ्याच दाढांकडे गेले होते. मांस महाग झाल्यावर फळे, कंद, किडे यांकडे वळण्याची सोय अशा जबड्यात फारशी राहत नाही. हायनोडोंट नामशेष होण्याचे हे एकमेव कारण नसेल, पण हवामान बिघडल्यावर कोणाकडे पर्याय होते आणि कोणाकडे नव्हते, हे दातांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात एका मोठ्या खंडाने होते. राज्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांतून घडला. लाव्हाच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात साचलेल्या गाळात मुंबईच्या वरळी-मलबार हिल परिसरात बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म मिळाले आहेत. लाव्हा थंडावल्यानंतर मात्र पठारावर सस्तन प्राण्यांची हाडे जपून ठेवील असा गाळ कोट्यवधी वर्षे जवळजवळ साचलाच नाही. दख्खनचे पठार झिजत राहिले, साठवत राहिले नाही. त्यामुळे शिकारी सस्तनांचा उदय, त्यांची पहिली उलथापालथ आणि गवताळ प्रदेशांचा विस्तार ही तिन्ही प्रकरणे मराठी वाचकाला आपल्या सीमेबाहेर जाऊनच वाचावी लागतात.

सर्वांत जवळचा पुरावा गुजरातमधला आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतले प्राणी सापडले. त्यांत वानरकुळातले आदिम प्राणी, वटवाघळे आणि खुरवाल्यांचे दूरचे नातलग आहेत आणि ‘इंडोहायनोडॉन’ हा छोटा शिकारीही आहे. त्याचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, ५.६ कोटी वर्षांपूर्वी, वातावरणात कार्बन झपाट्याने मिसळून पृथ्वीचे तापमान एकाएकी चढले होते. त्या उष्ण काळात सस्तन प्राण्यांचे अनेक गट खंडाखंडांत पसरले. भारतीय भूभाग तेव्हा आशियाला भिडत होता. यांतले कोणते प्राणी भारतातून बाहेर गेले आणि कोणते बाहेरून आत आले, हा वाद वस्तानच्या शोधांनंतर मिटण्याऐवजी रंगला.

पुढचे मोठे वळण ३.४ कोटी वर्षांपूर्वीचे. अंटार्क्टिकावर बर्फाचे कायमचे आच्छादन धरू लागले आणि जग थंड व कोरडे झाले. युरोपातल्या प्राण्यांची त्या वेळची उलथापालथ स्विस जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स श्टेलिन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ओळखली होती. तिला त्यांनी ‘मोठा खंड’ असे नाव दिले. आशियातून आलेले प्राणी युरोपात स्थिरावले आणि तिथले अनेक जुने वंश संपले. उत्तर अमेरिकेत याच सुमारास श्वानकुळाच्या शाखा फुटू लागल्या होत्या.

भारतीय उपखंडाचा खरा ग्रंथ मात्र शिवालिक टेकड्यांत आहे. हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांनी आणून टाकलेला, सुमारे १.८ कोटी वर्षांपासून ते दहा लाख वर्षांच्या आतबाहेरपर्यंतचा गाळ पाकिस्तानच्या पोतवार पठारापासून चंडीगडच्या परिसरापर्यंत आणि त्याही पलीकडे उघडा पडला आहे. १८३० च्या दशकात सहारणपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख ह्यू फॉकनर आणि कालव्यांचे अभियंते प्रोबी कॉटली यांनी इथून हाडांचे ढीग गोळा केले. १८३७ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेने दोघांना वोलास्टन पदक दिले. पुढे रिचर्ड लिडेकर यांनी १८८४ मध्ये शिवालिक आणि नर्मदेच्या मांसाहारी प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तर गाय पिलग्रिम यांनी १९३२ मध्ये भारतातल्या जीवाश्म मांसाहारींचा आढावा घेतला. नावे देणे, कवट्या मोजणे आणि थरांची क्रमवारी लावणे हे या पहिल्या पिढीचे काम. त्यांची बरीच नावे आज बदलली आहेत. एकेका दातावरून नवी जात उभी करण्याची हौस त्या काळात फार होती आणि तिचा निस्तार अजून चालू आहे. क्रमवारी मात्र बऱ्याच अंशी टिकली.

हवामानाचा प्रश्न या थरांना नीट विचारला गेला तो १९८० च्या दशकात. जे क्वेड, थ्युर सर्लिंग आणि जॉन बोमन यांनी पोतवारच्या प्राचीन मातीतले चुनखडीचे कंकर तपासले. झाडे-झुडपे आणि उष्ण प्रदेशातली गवते यांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धती वेगळ्या असतात, त्यामुळे त्यांच्यातल्या कार्बनच्या दोन समस्थानिकांचे प्रमाणही वेगळे असते. ते प्रमाण मातीतल्या कंकरात उतरते आणि ती वनस्पती खाणाऱ्याच्या दातांच्या एनॅमलमध्येही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सुमारे ७४ ते ७० लाख वर्षांपूर्वी या मैदानांवर उष्ण प्रदेशातल्या गवताने बाजी मारली. त्यांनी याचे श्रेय मोसमी वाऱ्यांच्या बळकटीला दिले. पुढे असेच बदल इतर खंडांतही दिसल्यावर वातावरणातला घटता कार्बन डायऑक्साइड, वाढता कोरडेपणा आणि वणवे यांची नावे पुढे आली. कारणांवर एकमत नसले, तरी झाडीच्या जागी माळ आला याबद्दल शंका उरलेली नाही.

या बदलाच्या दोन्ही बाजूंचे शिकारी शेजारी ठेवले की फरक उठून दिसतो. बदलाआधी, मायोसीन काळातल्या दाट झाडीत, ‘अँफिसायन’ हा अस्वल आणि कुत्रा यांच्यामधला वाटावा असा भक्कम प्राणी होता. तरसांसारखा दिसणारा ‘पर्क्रोक्युटा’ होता. जगातल्या शेवटच्या हायनोडोंटांपैकी एक असलेला ‘डिसोप्सालिस’ही होता. ‘सिवापिथेकस’ हा ओरांगउटानचा नातलग याच झाडीत राहत होता. माळ पसरत गेला तसा हा संच मोडला. खरे तरस पुढे सरसावले. उत्तर अमेरिकेत कोट्यवधी वर्षे वाढलेले श्वानकुळ बेरिंगच्या भूपट्टीवरून आशियात उतरले. चंडीगडजवळच्या पिंजोरच्या, म्हणजे सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीपासूनच्या थरांत, ठिपकेदार तरसांचे नातलग, खंजीरदाती मांजर ‘मेगँटेरिऑन’ आणि लांडग्या-कोल्ह्यांच्या वंशातली कुत्री आढळतात. यांतले शेवटचे कुळ आज विदर्भाच्या माळावर दिसते, पहिली दोन उपखंडातून गेली आहेत.

अशा उलथापालथीचा खरा कारभारी कोण, यावरून अभ्यासकांत दोन तट आहेत. ली व्हॅन व्हेलन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या ‘लाल राणी’ गृहीतकानुसार जीवांना बदलायला भाग पाडते ती एकमेकांशी असलेली चढाओढ. उलट, एलिझाबेथ व्हर्बा यांच्या मते प्राणिसमूह हवामानाच्या झटक्यांबरोबर एकदम पालटतात. हवामानासारख्या बाहेरच्या घटकांना महत्त्व देणाऱ्या या बाजूला अँथनी बार्नोस्की यांनी ‘दरबारी विदूषक’ हे नाव दिले. अमेरिकी कुत्र्यांवर तर २०१५ या एकाच वर्षी दोन निबंध परस्परविरुद्ध दिशांनी आले. बोर्हा फिगेरिदो आणि सहकाऱ्यांनी प्राचीन कुत्र्यांच्या कोपराचे सांधे मोजले. आरंभीचे कुत्रे मांजरासारखे दबा धरत. माळ वाढत गेला तसा सांधा धावण्यासाठी घट्ट होत गेला, म्हणजे हवामानाने शिकारीची पद्धत घडवली. त्याच वर्षी डॅनिएले सिल्वेस्त्रो आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्रीय पद्धतीने दाखवले, की कुत्र्यांच्या ऱ्हासाशी हवामानापेक्षा आशियातून आलेल्या मांजरकुळाची चढाओढ अधिक जुळते. दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. एकात शरीर कसे बदलले याचा शोध आहे, दुसऱ्यात वंश का संपले याचा. वाद रंगवताना हा भेद बरेचदा विसरला जातो.

ब्लेअर व्हॅन व्हाल्केनबर्ग यांच्या कामाने या चर्चेत तिसरा धागा आणला. एकाच प्रकारचे अन्न वाटून घेणाऱ्या प्राण्यांच्या गटाला परिसंस्थाशास्त्रात ‘गिल्ड’ म्हणतात. त्यांनी एकेक जात न पाहता संपूर्ण गिल्ड पाहिले. त्यांना दिसले ते असे : कुत्र्यांचे वंश वारंवार मोठे होत जातात आणि निव्वळ मांसावर विसंबू लागतात. तशा वंशांचे आयुष्य तुलनेने कमी भरते. परिस्थिती स्थिर असेतोवर विशेषज्ञ शिकारी फायद्यात असतो. ती पालटली की वाटेल ते खाणारा टिकतो. प्रस्तुत पुस्तकाची मांडणीही या सूत्राच्या अंगाने जाते.

गेल्या २६ लाख वर्षांत हिमयुगे येत-जात राहिली आणि दख्खनचे पठार पुन्हा या इतिहासात सामील झाले. इथे बर्फ आला नाही. तापमानापेक्षा पाऊस अधिक बदलला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंडीत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरचा समुद्रतळ उथळ आणि रुंद असल्यामुळे किनारा पश्चिमेला खूप दूर गेला. विक्रोळीच्या पूर्वेची ठाण्याची खाडी तेव्हा खाडी नव्हती, दोन डोंगररांगांमधली कोरडी दरी होती. मुंबईत प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात, १८७० च्या दशकात, भरतीच्या पातळीखाली खैराच्या झाडांचे बुंधे निघाले होते. त्यात चढत्या समुद्राचा वाटा किती आणि खचत्या जमिनीचा किती, हा प्रश्न वेगळा. पण आजच्या बंदराच्या जागी एके काळी रान होते, एवढे त्यातून कळतेच.

पठारावर नद्यांचा गाळ साक्ष देतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शरद राजगुरू यांनी मुळा-मुठेपासून सुरुवात करून पश्चिम महाराष्ट्रातल्या नद्यांचे काठ वाचले. मोसमी पाऊस दुबळा असताना या नद्या गाळ टाकत वर चढल्या आणि सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी, होलोसीनच्या आरंभी, पाऊस वाढल्यावर त्यांनी तोच गाळ कापून काढला. त्या गाळात हाडे आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर-मधमेश्वर येथील प्राचीन हत्तीचे वर्णन पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये केले. नेवाशाला प्रवरेच्या काठावर ह. धी. सांकलियांना दगडी हत्यारांबरोबर रानबैलांचे अवशेष मिळाले. मांजरा नदीच्या गाळात पाणघोडेही आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे श. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली, त्यांतल्या काहींवर कोरीव रेघाही आहेत. सुमारे २५,००० वर्षांपूर्वी खानदेशात शहामृग धावत होते, म्हणजे तो मुलूख किती मोकळा असेल याचा अंदाज येतो.

या यादीत शिकारी जवळपास नाहीत. दख्खनच्या नद्यांनी हत्ती, बैल, पाणघोडे यांची जाड हाडे जपली आणि लांडग्या-बिबट्यांची हलकी हाडे गमावली. ती उणीव काही अंशी आंध्र प्रदेशातल्या कर्नूलच्या गुहा भरून काढतात. रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचे चिरंजीव हेन्री यांनी १८८० च्या दशकात त्या खणल्या. तिथल्या हाडांत लिडेकरना ठिपकेदार तरसाचे अवशेष मिळाले. हा प्राणी आज फक्त आफ्रिकेत आहे. आपल्याकडे उरला तो पट्टेदार तरस. त्याच परिसरातल्या बिल्लासुरगम गुहांच्या नव्या उत्खननावरचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या दोन लाख वर्षांतल्या तिथल्या २१ सस्तन प्रकारांपैकी एक सोडून बाकी सगळे टिकले, असे त्यात दिसते. अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उपखंडातल्या साऱ्या नोंदी तपासल्या. नामशेष झालेल्यांत मुख्यतः अजस्र शाकाहारी होते आणि ही हानी अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत फार कमी होती.

भारताचे वेगळेपण इथे आहे आणि त्याचे स्पष्टीकरण हा या क्षेत्रातला सध्याचा सर्वांत रंजक प्रश्न. एक शक्यता भूगोलाची. सह्याद्रीचा ओला उतार आणि त्याच्या पूर्वेचा पर्जन्यछायेतला माळ यांत शंभर किलोमीटरचेही अंतर नाही. पाऊस घटला की माळावरचा लांडगा आणि चित्ता यांचा मुलूख रुंदावतो आणि सांबरामागे फिरणारा वाघ, रानकुत्रा यांना डोंगराच्या घड्यांत आसरा मिळतो. पाऊस वाढला की हेच उलटे होते. कोणालाही फार दूर जावे लागत नाही. दुसरी शक्यता माणसाची. इथल्या प्राण्यांना माणसाच्या पूर्वजांची ओळख लाखो वर्षांची आहे, त्यामुळे ते माणसापासून सावध राहायला शिकले असावेत. भूगोलाच्या शक्यतेला बेटे दुजोरा देतात, कारण बेटावर सरकण्याची अशी मोकळीक नसते. श्रीलंकेत वाघ आणि सिंह या दोघांचेही जीवाश्म मिळाले आहेत. समुद्र चढून भूपट्टी बुडाल्यानंतरच्या श्रीलंकेत मोठे मांजर एकच उरले, बिबट्या.

माणूस की हवामान, हा वाद इतरत्र अधिक तीव्र आहे. युरोपातून गुहावासी तरस सुमारे ३१,००० वर्षांपूर्वी नाहीसे झाले, गुहासिंह त्याहून कितीतरी उशिरा, १४,००० वर्षांच्या आसपास. एकाच हिमयुगात दोघांच्या तारखा एवढ्या वेगळ्या असतील, तर एकच कारण पुरत नाही. लॉस एंजेलिसच्या रांचो ला ब्रेआ येथील डांबराच्या डबक्यांत अडकलेल्या मोठ्या सस्तनांत सुमारे ९० टक्के मांसाहारी आहेत, कारण एका फसलेल्या प्राण्यामागे शिकाऱ्यांची रांग लागत असे. तिथल्या हाडांवरचा २०२३ चा अभ्यास सुमारे १३,००० वर्षांपूर्वी वाढलेली उष्णता, कोरडेपणा आणि माणसाने लावलेले वणवे यांना एकत्र धरतो. खंजीरदाती ‘स्मायलोडॉन’ आणि भीमलांडगा संपले, कोल्ह्यासारखा कायोटी राहिला. पूर्व आफ्रिकेबाबत सोरेन फॉरबी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आणखी पुढचे विधान केले : गेल्या सुमारे ४० लाख वर्षांत तिथले मोठे शिकारी घटत गेले, त्याचा मेळ पाऊस-तापमानापेक्षा मानववंशाच्या वाढत्या मेंदूशी बसतो. अनुमान धाडसी आहे. तरी भक्ष्य हिसकावणारा नवा स्पर्धक म्हणून माणसाकडे पाहायला ते भाग पाडते.

या विषयाला आज महत्त्व आले आहे ते तापमानवाढीमुळे, पण तेवढ्यामुळेच नाही. उपखंडाने ज्या प्राण्यांना दोन लाख वर्षे सांभाळले, त्यांतला चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सिंह गीर आणि त्याच्या आसपासच्या मुलखापुरता उरला आणि लांडगा उरल्यासुरल्या माळावर आहे. सरकारी कागदांत माळ अजूनही ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो. प्राचीन पुराव्यात प्राण्यांना वाचवणारी गोष्ट होती ती सरकण्याची मोकळीक. ती आता रस्ते, कालवे आणि वस्त्यांनी अडवली आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरांत याचे दुसरे टोक पाहायला मिळते. मुलुंड-भांडुपच्या वरच्या डोंगरात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, बिबट्या आहे आणि त्याच्या आहारात वस्तीतल्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. विक्रोळीच्या खारफुटीत कोल्हा आहे. ठाणे-मुंबईच्या गर्दीत टिकलेले हे दोघे निवडीला फारसे नखरे नसलेले शिकारी आहेत. ला ब्रेआच्या कायोटीशी त्यांचे साम्य रक्ताचे कमी आणि सवयींचे अधिक.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्या साहित्याची मराठीत एकत्र मांडणी करते. त्याची चाल कालक्रमाने आहे, पण वेग सारखा नाही. पहिली काही कोटी वर्षे झपाट्याने मागे पडतात, शिवालिकचा गवताचा विस्तार आणि दख्खनची गेली दोन लाख वर्षे यांना अधिक पाने मिळाली आहेत. जातींच्या याद्या देण्यापेक्षा प्रत्येक काळातले गिल्ड उभे करण्यावर भर आहे : कोण दबा धरत होते, कोण पाठलाग करत होते, हाडे कोण फोडत होते आणि कोणाची जागा रिकामी राहिली. देवमासे आणि सील हेही मांसाहारी सस्तनच, पण त्यांचा इतिहास समुद्राचा असल्यामुळे तो इथे घेतलेला नाही. पुणे जिल्ह्यातल्या बोरी येथील ज्वालामुखीच्या राखेसारख्या, ज्यांच्या वयावर अभ्यासकांचे एकमत नाही अशा पुराव्यांवर कोणताही निष्कर्ष उभारलेला नाही. प्राण्यांची नावे शक्य तिथे मराठी आहेत. नामशेष प्राण्यांची शास्त्रीय नावे देवनागरीत दिली असून ती पहिल्यांदा येतात तिथे प्राण्याचे रूप सांगितले आहे. काळ मोजण्याची एकके लाख आणि कोटी हीच ठेवली आहेत. पुस्तकाची हद्द ११,७०० वर्षांपूर्वीच्या होलोसीनच्या आरंभाशी संपते; त्यापुढचा, शेतीचा आणि पाळीव जनावरांचा काळ शेवटच्या प्रकरणात फक्त दुवा म्हणून येतो.